वैरागच्या इंजिनाची चीर

२५ सप्टेंबर १९७८, सोमवार

वैरागहून पिठाच्या गिरणीच्या इंजिनाचा ब्लॉक आला. टेम्पोतून उतरवताना सगळ्यांच्या कमरा गेल्या. मालकीण सोनाबाई बरोबरच आली. गिरणी तीच चालवते. नवरा भजनात असतो म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, नुसती माहिती.

प्रकार नेहमीचाच. पाणी आटलं, इंजिन तापलं, पुतण्या घाबरला आणि वरून गार पाण्याची घागर ओतली. बीड ते, ओतीव लोखंड, तडकणारच. सिलिंडरभोवती पाणी खेळतं त्या बाहेरच्या भिंतीला वीतभर चीर. कोपऱ्यावरून वळून खाली उतरली आहे. इंजिन विलायती, बनवणारे कधीच बंद पडले. दुसरा ब्लॉक मिळणे नाही. हा गेला तर भंगार.

सोनाबाई म्हणाली, "काय बी करा अण्णा, पर दिवाळीच्या आत जातं फिरलं पायजे. भाजणीला बाया दुसरीकडं गेल्या की परत येत न्हाईत."

युसूफभाईने ब्लॉकभोवती एक फेरी मारली, चिरेवरून बोट फिरवलं. "वेल्डिंग." मी म्हणालो, इपॉक्सी. "हौ, डिंक," म्हणाला आणि चहाला निघून गेला.

(युसूफभाई हे रोज लिहायला फार लांब. पुढे नुसतं यु.)

२७ सप्टें.

माझं म्हणणं इथे तरी पुरतं लिहून ठेवतो. वर्कशॉपात कोणी पुरतं बोलू देत नाही.

बीड वेल्ड करायचं म्हणजे आख्खा ब्लॉक भट्टीत तापवायचा, सळई वितळवून भरायची, मग राखेत पुरून सावकाश निववायचा. ताव कमी पडला तर शेजारी नवी चीर. जास्त झाला तर सिलिंडर वाकडा. यु. हे काम बाबांच्या वेळेपासून करतो. बिडाला त्याच्यासारखा हात सोलापुरात नाही, हे गिऱ्हाइकांना मीच सांगत असतो. खोटं नाही ते.

पण या भिंतीवर दाब नाही, जाळ नाही. नुसतं गरम पाणी. तिथे भट्टी कशाला? एका नळीतलं रेझिन, दुसरीतला हार्डनर, सारखं सारखं घ्यायचं, लोखंडाचा कीस घालून मळायचं, भरायचं. वाळलं की दगड. होटगीच्या पंपाचं फुटकं कव्हर मी असंच जोडलं, उन्हाळाभर चाललं.

यु.चं म्हणणं एवढंच: "लोहे कू डिंक लगाते क्या? ये पतंग है?" होटगीचा पंप म्हणे नशिबावर चालतो.

३० सप्टें.

आज पुन्हा तोच वाद. शेवटी यु. म्हणाला, "डिंकच लगाना है तो मेरा क्या काम? मैं जाता गुलबर्ग्याला, बेटी के पास."

हे तो वर्षातून एक-दोनदा म्हणतोच. म्हणतो आणि हसतो. आज हसला नाही.

घरी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या की, तुम्हालाच शांत वाटेल." मग माझ्या तोंडाकडे बघून पान वाढायला उठली. मला हातोडी धरायची कशी ते यु.ने शिकवलं. बाबा गेल्यावर शटर कोणी उघडलं, यु.ने. तो गेला तर वर्कशॉप चालेल, पण मला तिथे जावंसं वाटणार नाही. भांडायला कोण आहे दुसरं?

३ ऑक्टो.

यु.ने एका पुलीचं वेल्डिंग केलं. टाका चिरेच्या बाजूला गेला, चीर मोकळीच. पुन्हा घासून पुन्हा केलं, तेव्हा बसलं. असं त्याचं होत नाही. रागाने करत असेल. इपॉक्सीचा राग त्या बिचाऱ्या पुलीवर.

चहाचा कप ठेवताना बाकाच्या कडेला ठेवला. पडला, फुटला. आमच्याकडे कप फुटला की यु. कपालाच शिव्या घालतो. आज गप्पच होता.

६ ऑक्टो.

सोनाबाईचा निरोप आला, काय झालं म्हणून. काय झालं म्हणजे? अजून सुरुवात नाही. यु. कोळशाचं बघतो म्हणतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं, हा ब्लॉक मी करणार, माझ्या पद्धतीने. गिऱ्हाईक माझ्या नावावर आलंय.

हे शेवटचं बोलायला नको होतं. गिऱ्हाईक त्याच्याच नावावर आलंय, मला ठाऊक आहे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

ब्लॉक तयार केला. चिरेच्या कडेने छिन्नीने खाच पाडली, कानशीने खरखरीत केली. मग थिनरने धुतली, पुसली, पुन्हा धुतली. इपॉक्सीचं सगळं यातच आहे. तेलाचा ओशटपणा राहिला की माल वरवर बसतो, धरत नाही. सगळ्यांना बजावलं, या ब्लॉकला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. यु. तेव्हा पलीकडे वेल्डिंगच्या गॅस सिलिंडरची नळी गुंडाळत होता. "सुन्या मैंने," म्हणाला.

आजच भरणार होतो. पण हार्डनरची नळी दाबली तर तोंडाशीच घट्ट झालेली. नवी जोडी आणेपर्यंत दुकान बंद. आणि उद्या खंडेनवमी, हत्याराला हात लावायचा नाही. सौ.ला म्हटलं, इपॉक्सी भरणं हे हत्यार नाही. ती म्हणाली, "साकु, पुरे. वर्षातला एक दिवस लोखंडाला विसावा द्या." बरं बाई.

ब्लॉकवर धुतलेलं धोतर टाकून ठेवलं.

खंडेनवमी

पूजा झाली. लेथ, ड्रिल, वाईस, हातोड्या, पाने, सगळं धुऊन पुसून मांडलं. झेंडूच्या माळा सौ.ने केल्या.

आमच्याकडे यंत्रांना कुंकू यु. लावतो. बाबांनी पाडलेली पद्धत. ज्याचा हात यंत्रावर चालतो त्यानेच लावायचं, असं बाबा म्हणत. त्या वेळी कोणी नाक मुरडलं असेल तर बाबांनी ऐकलं नाही. यु. वाटीतल्या तिळाच्या तेलात बोट बुडवतो, मग कुंकवात, मग यंत्राला टेकवतो. कुठलंही यंत्र चुकवत नाही. गिऱ्हाइकाचं कामही त्यातच, वर्कशॉपात आहे ते सगळं आलं. नारळही त्यानेच फोडला. एका दणक्यात फुटला नाही, दोन-तीनदा आपटावा लागला. मी त्यावरून चिडवलं. खोबरं रुमालात बांधून घरी घेऊन गेला.

राग गेला वाटतं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

दसरा

सकाळी दुकान उघडायला लावून नवी जोडी आणली. चांगल्या दिवशी चांगलं काम. धोतर काढलं, दिव्याने ब्लॉक थोडा कोमट केला, माल मळून भरला. खालच्या कोपऱ्याजवळ खाचेत जरा लालसर दिसलं. ब्लॉकला मुळात लाल रंगच आहे, त्याचा कीस असेल म्हणून पुढे गेलो. भरून झाल्यावर पत्र्याखालच्या उन्हात ढकलून ठेवला. ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे, ते तरी कामाला येऊ दे.

यु.ला सोनं दिलं. घेतलं, गळाभेट झाली. ब्लॉककडे बघितलं नाही.

१४ ऑक्टो., शनिवार

लागला पाझर.

दिवस मोजून सोनाबाई आलीच होती. म्हटलं, तिच्यासमोरच तपासू. ब्लॉकला झाकणं बसवली, पाणी भरलं. गार असताना थेंब नाही. मी जरा ताठ होऊन यु.कडे बघितलं. मग कढत पाणी भरलं. थोड्या वेळाने खालच्या कोपऱ्यावर थेंब. मग धारच. पापुद्रा सुटला.

 सोनाबाईने पदराने मान पुसली. यु. हिणवून बोलला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, "परसों भट्टी लगाता. दिवाळी के पहले देता बाई, घबराव नक्को."

तिला स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत म्हणाली, "अण्णा, एक इचारू? तुमच्या मिस्तरीला दिसत न्हाय व्हय?"

मी म्हटलं, कोण म्हणतं?

"मला च्या दिला की. माझा हात हितं, त्यानी कप धरला तितं. माझ्या सासऱ्याचं आसंच झालं हुतं. मोतीबिंदू. लई दिस कुणाला सांगितलंच न्हाय त्यांनी." मग म्हणाली, "त्यो जाळाफुडं बसून माझं इंजिन करणार?"

बघतो म्हटलं.

१५ ऑक्टो., रविवार

वर्कशॉप बंद. एकटाच गेलो. सुटलेला माल छिन्नीने उचकटला. वरच्या बाजूला बीडसुद्धा ओरबाडून निघालं, इतका चिकटला होता. खालच्या कोपऱ्यात मात्र अख्खा तुकडा सालासारखा हातात आला. उलटा केला. आतली बाजू लाल. बोटाच्या पेराएवढी, गोल.

वास घेतला. तिळाचं तेल.

रंगाचा कीस नव्हता तर. कुंकू होतं. धोतर बाजूला करून, खाचेतच. त्याने ऐकलं होतं, बोट लावायचं नाही म्हणून. मुद्दाम करणारा माणूस नाही तो. लोखंडाला कुंकू लावताना यु. थट्टासुद्धा करत नाही. त्याला दिसलंच नाही कोणतं यंत्र आहे ते.

पुली. कप. नारळ. आता सगळं उजेडात आलं. रोज शेजारी उभा राहणाऱ्या मला ते कळलं नाही आणि वैरागच्या बाईला एका चहात कळलं.

तुकडा खिशात घालून घरी आलो. सौ.ला दाखवला नाही.

१६ ऑक्टो.

यु. भट्टीच्या विटा रचतोय. खुशीत आहे. गाणं गुणगुणत होता.

सांगितलं तर काय होईल ते दिसतंय. डिंक खरा ठरेल आणि यु.चे डोळे गेले हे चव्हाट्यावर येईल, एकाच वाक्यात दोन्ही. मग गुलबर्गा. नाही सांगितलं तर तो भट्टी पेटवणार. ताव रंगावरून बघायचा असतो, काळपट लाल की उजळ लाल. ज्याला चहा घेणारा हात दिसत नाही त्याला तो फरक काय दिसणार? सोनाबाईचं इंजिन भंगारात आणि यु.चं नाव त्याच्या मागोमाग.

तेव्हा मी काय केलं? कोळसा ओला आहे म्हणालो. धडधडीत कोरडा होता.

१७ ऑक्टो.

आज म्हणालो, बिडाची सळई मिळत नाही. कोपऱ्यात जुडी उभी होती, त्याच्या नजरेसमोर. त्याने "अच्छा" म्हटलं.

घरी सौ.ने विचारलं, तोंड असं का? तुकडा काढून दाखवला. तिने उलटसुलट केला, वास घेतला. मग म्हणाली, "हे तुम्ही खिशात घेऊन फिरताय कशाला? ज्याचं आहे त्याला द्या."

१८ ऑक्टो.

दिला.

दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले होते. मिलचा भोंगा होऊन गेला होता. यु. विटांच्या पलीकडे बसला होता. तुकडा हातात ठेवला.

त्याने अंगठा फिरवला. वरची बाजू, आतली बाजू. नाकाशी नेला.

"तिल का तेल."

मी हं म्हटलं.

"कुंकू बी है?"

हं.

भट्टीकडे तोंड करून बसून राहिला. मग म्हणाला, "मैं समझा वाईस है. पुसलं नहीं किसीने, कपडा वैसाच पड्या है, बोलके कपडा बाजू करके लगाया." थोड्या वेळाने, "एक साल हुआ. पहले धुआँ लगता था. अब धुआँच है."

डॉक्टरला दाखवलं का, विचारलं. नाही. मुलीला माहीत आहे का? नाही. कोणालाच नाही.

मग एकदम माझ्याकडे वळला. "तेरेकू कब समझ्या?" रविवारी, म्हटलं.

"और तू मेरेकू भट्टी रचने दिया? कोयला गीला है बोल्या? मेरेकू, मल्लू?"

डोळ्यांचं त्याला इतकं लागलं नसावं. ओल्या कोळशाचं लागलं. उठला, शर्ट चढवला, भिंतीला हात लावत लावत बाहेर पडला. पूर्वीही असाच भिंतीला हात लावत जात असेल. मी बघितलंच नव्हतं.

२० ऑक्टो.

यु. नाही आला. काल पण नाही.

काम केलं. काय केलं ते आठवत नाही.

२१ ऑक्टो.

नाही.

सौ. दुपारी त्याच्या घरी जाऊन आली. त्याच्या बायकोने रडून घेतलं म्हणे, तिलाही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, म्हातारा हट्टाने दिवा लावायला सांगतो. सौ.ने सगळ्यांसमोर यु.ला सांगितलं, "डोळे दाखवायला मी येते तुमच्याबरोबर. हे येणार नाहीत, ह्यांना धीर नाही." बरोबर बोलली. यु. हसला म्हणे त्यावर. तेवढं ऐकून दोन घास पोटात गेले.

२३ ऑक्टो., सोमवार

डॉक्टरांनी बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण पिकलेला नाही. थंडीत या म्हणाले, तेव्हा एका डोळ्याचं करू. यु. सौ.ला म्हणाला, "आम है क्या, पकने कू?" तोवर आहे तसंच चालवायचं.

आणि सोनाबाईचं इंजिन? दिवाळी तोंडावर आली.

२४ ऑक्टो.

सकाळी शटर उघडायला गेलो तर यु. पायरीवर बसलेला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ब्लॉक बाहर निकाल."

बाहेर काढला. त्याने लहान हातोडी मागितली. चिरेच्या कडेने ठोकत ठोकत खाली आला. टण, टण, टण, आणि एके ठिकाणी थड्. आणखी बोटभर पुढे गेला. थड्. मग टण. "यहाँ तक है. तेरी खाच यहाँ खतम. देख."

रॉकेल लावून पुसलं, वर खडूची पूड टाकली. थोड्या वेळाने पुडीत केसासारखी ओली रेघ उमटली. माझ्या खाचेच्या पुढे बोटभर. यु.ला ती रेघ दिसली नाही, मला त्याचा थड् कळला नव्हता.

"कोने कू भोक मारा था?" विचारलं त्याने.

नव्हतं मारलं. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. हे त्यानेच मला शिकवलंय. इपॉक्सीच्या नादात वाटलं, आता त्याची काय गरज.

"नहीं मारा. फिर अकेला मेरा कुंकू कायकू बदनाम?"

इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. तोही हसला. रागावला आहे अजून, कोळशावरून. पण पायरीवर आला.

२५ ऑक्टो.

दोघांनी मिळून केलं. टोकांना भोकं. तिथे पितळेच्या खुंट्या ठोकल्या, ही त्याची अट. खाच पुढे नेली. थिनरने धुणं माझ्याकडे. यु.ने स्वतःचे हात साबणाने तीनतीनदा धुतले आणि मला वास घ्यायला लावला. "तेल है? कुंकू है?" नाटकी माणूस.

माल मळायला त्याने मागितला. पूर्वी शिवायचा नाही. मळता मळता म्हणाला, "चिकना है अभी. दाने कम हैं." आणखी कीस घातला. मग बोटाने असा दाबून भरला की वरून हात फिरवला तर बीड कुठे संपलं आणि माल कुठे सुरू झाला ते लागत नव्हतं. माझं भरणं सिमेंट थापल्यासारखं दिसायचं.

मी म्हटलं, वेल्डिंगपेक्षा सोपं आहे ना? तो म्हणाला, "सोपा है. इसलिए पसंद नहीं."

विचारलं नाही पुढे. गुलबर्ग्याचं तर मुळीच नाही.

२८ ऑक्टो.

कढत पाणी भरून सकाळभर ठेवलं. कोरडं. यु. कान लावून बसला होता, काय ऐकत होता कोण जाणे.

सोनाबाई ब्लॉक घेऊन गेली. टेम्पोत चढताना यु.ला म्हणाली, "डोळं करून घ्या बरं का भाऊ. माझ्या सासऱ्याला शेवटाला नातवाचं तोंड बगायचं ऱ्हायलं." सगळ्यांसमोर. मी मान खाली घातली. यु. म्हणाला, "हौ बाई, ठंडी में." इतकंच. आम्ही सगळे ज्यावर कुजबुजत होतो ते तिने टेम्पोत चढता चढता बोलून टाकलं आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

दिवाळी, पाडवा

वैरागहून भाजणीचा डबा आला. नव्याने सुरू झालेल्या जात्यावरची पहिली. निरोप असा की इंजिन चालू आहे, बायांची रांग लागली होती, पण सकाळी गार असताना कोपऱ्यावर एक थेंब येतो. तापलं की बंद. पुसून घेते, चालेल का?

यु.ला विचारलं. "थंडा होके सिकुडता, गरम होके बैठता," म्हणाला. म्हणजे चालेल की नाही? "आज चलेगा."

सौ.ने भाजणीच्या चकल्या केल्या. निम्म्या यु.कडे.

१७ जानेवारी १९७९

गड्ड्याची जत्रा चालू आहे. यु. आणि मी संध्याकाळी चक्कर मारून आलो. पाळण्याच्या इंजिनाजवळ उभा राहून म्हणाला, याचं बेअरिंग चाललंय. पाळणेवाल्याला सांगून आला, त्याने हसून सोडून दिलं.

गर्दीत त्याने माझं कोपर धरलं होतं. मी लहान असताना याच जत्रेत मी त्याचं बोट धरलं होतं, ते आठवत होतं. त्याला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याने टिंगल केली असती.

दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या वर्षी. पहिल्याचं ऑपरेशन या महिन्याच्या अखेरीस.

३१ जानेवारी

झालं. डोळ्यावर पट्टी, डोकं हलवायचं नाही, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. वळायचं नाही म्हणून त्याच्या पायांशी उभा राहून बोललो. "कौन, कोयलेवाला?" म्हणाला. अजून विसरला नाही.

मुलगी गुलबर्ग्याहून आली आहे. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाली, चाचा, आता अब्बांना मी घेऊन जाणार. आता काय काम करायचं राहिलंय त्यांचं? शांतपणे बोलली, प्रेमाने बोलली. तिच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. मी म्हटलं, त्यांना विचार. माझ्या मनात होतं ते बोललो नाही. राहू दे त्यांना इथे, एवढंच मनात होतं.

१६ फेब्रुवारी

पट्टी निघाली. चष्मा अजून नाही. उजेड दिसतो, माणसं पाण्याखालून दिसतात तशी दिसतात म्हणाला. मुलगी थांबली आहे. जाण्याचा विषय घरात रोज निघतो, यु. "चष्मा आने दे," म्हणून टाळतो.

वर्कशॉपात त्याच्या बाकावर कोणी काही ठेवलं की मी उचलून दुसरीकडे ठेवतो.

११ मार्च १९७९, रविवार

यु.ला चष्मा मिळाला. काचा पेल्याच्या बुडासारख्या जाड. घरी बघायला गेलो. माझ्याकडे बराच वेळ टक लावून बघितलं आणि म्हणाला, "मल्लू, तू बुड्ढा हो गया." मी म्हटलं, आरशात बघितलंस का? "पहले वोच देख्या."

जाळाकडे बघायचं की नाही, विचारलं. डॉक्टरांनी त्याच्यावर सोडलंय म्हणतो. कोणताही डॉक्टर असं सोडेल असं वाटत नाही. मुलगी तोंड फिरवून बसली होती. तिचं सामान बांधून दाराशी ठेवलेलं. त्यात त्याचीही पेटी होती.

निघताना म्हणाला, "कल आता हूँ वर्कशॉप कू." निरोप घ्यायला की कामाला, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही.

आणि योगायोग म्हणावा तर कालच सोनाबाईने ब्लॉक परत पाठवला आहे. थेंब वाढला. आता गिरणीला जरा सवड आहे, एकदाचं पक्कं करून द्या, असा निरोप. कसं करायचं ते "भाऊ ठरवतील" म्हणे. भाऊ म्हणजे मी नव्हे.

संध्याकाळी वर्कशॉप उघडलं. यु.चा बाक पुसला. त्यावर नळ्यांची नवी जोडी ठेवली, शेजारी वेल्डिंगचा काळा चष्मा. ब्लॉक बाकासमोर आणून ठेवला, जसा आला तसाच. आधी त्याने बघावा.

इपॉक्सीने पुन्हा होईल हे काम, मला खात्री आहे. पण वेल्डिंगच्या गॅसची टाकी रिकामी होती, ती कोणी सांगितलं नसताना मीच भरून आणली.